मॉडेल ट्रान्सफॉर्मेशन तपासायचं कसं? ट्रान्सफॉर्मरच्या गावातून, नवशिक्यांसाठी

बडोद्यात कुणाला "मी ट्रान्सफॉर्मेशनचं काम करतो" असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "किती केव्हीए?" मकरपुरा, माणेजा भागात ट्रान्सफॉर्मर बनवणारे इतके आहेत, की या शब्दाला दुसरा अर्थ असू शकतो हे पटवता पटवता समोरची सेव-उसळ गार होते. माझ्या काकांची सगळी नोकरी ट्रान्सफॉर्मरच्या टेस्टिंगमध्ये गेली. त्यांना माझं काम समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी तीनच गोष्टी विचारल्या. "तुझी एचव्ही बाजू (जास्त व्होल्टेजची) कुठली? एलव्ही (कमी व्होल्टेजची) कुठली? आणि दोन्हींचा रेशो कोण तपासतं?" पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं, म्हणजे आत काय जातं आणि बाहेर काय येतं, मी झटक्यात दिली. तिसऱ्याला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं.

हा लेख त्या तिसऱ्या प्रश्नाचा आहे. ज्यांना प्रोग्रॅमिंग येतं, यूएमएलच्या आकृत्या पाहून माहीत आहेत, पण "फॉर्मल" (गणितासारखं काटेकोर) हा शब्द ऐकला की जे खुर्ची मागं सरकवतात, त्यांच्यासाठी.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. मॉडेल म्हणजे नुसतं चित्र नाही, चित्रामागची माहिती. इलेक्ट्रिकल पॅनेलची सिंगल लाइन आकृती घ्या: पॅनेल, त्यातले फीडर (वीज पुढं नेणाऱ्या वाटा), प्रत्येकाचं नाव, किती अँपिअरचा ब्रेकर. अशा आकृतीत काय काय असू शकतं आणि काय असू शकत नाही याचे नियम म्हणजे मेटामॉडेल. मराठीची वाक्यं ही मॉडेलं, तर मराठीचं व्याकरण हे मेटामॉडेल. एका व्याकरणातलं वाक्य घेऊन दुसऱ्या व्याकरणातलं वाक्य देणारा प्रोग्रॅम म्हणजे मॉडेल ट्रान्सफॉर्मेशन. आकृतीवरून डेटाबेसचे टेबल, यूएमएलवरून जावा, किंवा आमच्याकडे चालतं तसं सिंगल लाइन आकृतीवरून कंट्रोल रूमच्या स्क्रीनसाठी टॅगची यादी, म्हणजे स्क्रीनवर प्रत्येक संकेत ज्या नावानं ओळखला जातो ती नावं.

इतर प्रोग्रॅम आणि हा यांत एक फरक आहे. हा एकदा लिहिला जातो आणि शेकडो आकृत्यांवर चालतो. त्यातली चूक एका गिऱ्हाइकाकडे जात नाही, सगळ्यांकडे जाते, आणि बऱ्याचदा कुणी पाहत नसलेल्या जागी जाते, कारण "हे तर आपोआप तयार झालंय" म्हणून ती यादी कुणी वाचतच नाही.

माझ्या बाबतीत झालं ते असं. एका कामात दोन पॅनेल होती आणि दोन्हीत "एफ1" नावाचा फीडर होता. पॅनेलच्या आत नावं वेगळी असावीत हा नियम पाळलेला होता, त्यामुळे आकृती निर्दोष. टॅगची यादी मात्र सगळ्या प्लँटला मिळून एकच. ट्रान्सफॉर्मेशननं दोन्ही फीडरना "एफ1_ट्रिप" असा एकच टॅग दिला. साइटवर एका पॅनेलचा फीडर ट्रिप झाला आणि ऑपरेटर धावला दुसऱ्याच पॅनेलकडे. कुणाला इजा झाली नाही. टेस्टिंगमध्ये हे सापडलं का नाही? कारण आमच्या टेस्टच्या सगळ्या आकृत्यांत पॅनेल एकच होतं.

हेच उदाहरण पुढं शेवटपर्यंत वापरतो. शक्य असेल तर कागद घेऊन बसा.

रूटीन टेस्ट आणि टाइप टेस्ट

काकांना ही गोष्ट सांगितल्यावर ते म्हणाले, "तुम्ही टाइप टेस्ट न करता माल पाठवला." ट्रान्सफॉर्मरच्या धंद्यात दोन प्रकारच्या चाचण्या वेगळ्या मानतात. रूटीन टेस्ट कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक नगावर होते: वाइंडिंग रेझिस्टन्स, रेशो, नो-लोड लॉस वगैरे. टाइप टेस्ट त्या डिझाइनच्या एका प्रातिनिधिक नगावर होते, उदाहरणार्थ टेम्परेचर राइज, आणि तिनं त्या डिझाइनबद्दल खात्री द्यायची असते. बडोद्यातल्याच इर्डा या 1974 मध्ये स्थापन झालेल्या संस्थेत असल्या चाचण्या चालतात. त्यामुळे हा फरक इथल्या पोराटोराला ठाऊक असतो.

आपल्या विषयातही नेमके हेच दोन रस्ते आहेत. एक: प्रत्येक वेळी ट्रान्सफॉर्मेशन चाललं की निघालेलं मॉडेल तपासायचं. ट्रान्सफॉर्मेशन आत काय करतं याच्याशी देणंघेणं नाही. दुसरा: ट्रान्सफॉर्मेशनच तपासायचं, म्हणजे कुठलीही वैध आकृती दिली तरी निकाल बरोबरच येईल हे दाखवायचं. पहिला स्वस्त आहे आणि आज दुपारी सुरू करता येतो. दुसरा महाग आहे. नवशिके दुसऱ्याच्या मोहात पडून पहिला सोडून देतात आणि सहा महिन्यांनी हातात दोन्ही नसतात. माझं मत सरळ आहे: आधी रूटीन, मग टाइप. पण दोन्हींच्या आधी एक काम, ते म्हणजे काय तपासायचं हे लिहून काढणं.

पहिली पायरी: दोन्ही बाजूंची व्याकरणं लिहा

स्रोत बाजूला पॅनेल आणि फीडर. पॅनेलला नाव, पॅनेलात शून्य किंवा अधिक फीडर, प्रत्येक फीडर नेमक्या एका पॅनेलात. फीडरला नाव, रेटिंग, आणि "राखीव आहे का" असा होय-नाही. लक्ष्य बाजूला फक्त टॅग: नाव आणि प्रकार.

हे एक्लिप्सच्या ईएमएफ या मॉडेलिंगच्या टूलमध्ये, इकोर या मेटामॉडेलच्या भाषेत, अर्ध्या तासात होतं. कागदावर चौकोन काढलेत तरी चालेल. यात फार वेळ घालवू नका. फक्त "शून्य किंवा अधिक" आणि "नेमका एक" हे आकडे प्रत्येक रेषेवर लिहा. पुढचे निम्मे वाद तिथंच मिटतात.

दुसरी पायरी: वचनं लिहा, आधी मराठीत

इथं थांबायचं. सगळ्या लेखात ही पायरी सगळ्यात जास्त वेळ मागते आणि लोक हिलाच सगळ्यात कमी देतात. ट्रान्सफॉर्मेशननं काय करायचं हे साध्या वाक्यांत लिहा, पण कसं करायचं हे लिहू नका. आमची पहिली यादी अशी झाली:

क. येणाऱ्या आकृतीत, एकाच पॅनेलातल्या दोन फीडरची नावं सारखी नसतील.
ख. प्रत्येक फीडरला ट्रिपचा नेमका एक टॅग मिळेल.
ग. प्रत्येक टॅग कुठल्या तरी एकाच फीडरमुळे आलेला असेल. हवेतून टॅग येणार नाही.
घ. कुठल्याही दोन टॅगची नावं सारखी नसतील.

पहिलं वचन आपलं नाही, आकृती देणाऱ्याचं आहे. त्याला पूर्वअट म्हणतात. शेवटचं फक्त निकालाबद्दल आहे, ती उत्तरअट. मधली दोन स्रोत आणि लक्ष्य यांच्या नात्याबद्दल आहेत, आणि मॉडेल ट्रान्सफॉर्मेशनच्या विषयाचा जीव याच दोन ओळींत आहे. साध्या फंक्शनला पूर्वअट आणि उत्तरअट पुरते. ही कल्पना टोनी होअर यांनी 1969 मध्ये मांडली. इथं मात्र दोन वेगळ्या व्याकरणांमधली जोडणी सांगावी लागते.

आता "ख" पुन्हा वाचा. पॅनेलात राखीव फीडर असतात, ज्याला सगळे स्पेअर म्हणतात. जागा आहे, ब्रेकर आहे, पण पुढं काही जोडलेलं नाही. त्यालाही टॅग द्यायचा का? आमच्या टीममध्ये तीन लोकांची तीन उत्तरं होती. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं द्यायचं ठरवलं होतं, स्क्रीन करणारी ते टॅग गाळत होती, आणि साइटवाला "चालशे" म्हणून गप्प होता. हा गुजराती शब्द बडोद्याच्या मराठी घरांतही रुळलाय आणि एरवी मला आवडतो. वचनं लिहिताना मात्र तो दाराबाहेर ठेवावा. शेवटी ठरलं: राखीव फीडरला टॅग नाही. कुठलंही टूल उघडण्याआधी सापडलेली ही आमची पहिली चूक.

तिसरी पायरी: तीच वचनं ओसीएलमध्ये

ओसीएल म्हणजे ऑब्जेक्ट कन्स्ट्रेंट लँग्वेज. तिचा उगम आयबीएममध्ये 1995 च्या सुमारास झाला आणि 1997 मध्ये यूएमएल 1.1 बरोबर ती प्रमाण झाली. हिच्यात मॉडेल बदलता येत नाही, फक्त त्याच्याबद्दल विचारता येतं, आणि आपल्याला तेवढंच हवंय. तिचं वळण असं असतं. शब्द मी मराठी घातलेत, खरे कीवर्ड एडिटर सुचवतोच:

प्रत्येक पॅनेल प साठी : प.फीडर → नावाने एकमेव
प्रत्येक फीडर फ साठी : फ.राखीव नाही ⇒ (ज्या टॅगचं मूळ = फ आहे असे टॅग) → संख्या = 1
सर्व टॅग → नावाने एकमेव

दुसऱ्या ओळीत "मूळ" असा शब्द आला. आपल्या लक्ष्य मेटामॉडेलमध्ये टॅगला मूळ नव्हतंच! कुठला टॅग कुठल्या फीडरवरून आला हे कुठं तरी नोंदलेलं नसेल, तर "ख" आणि "ग" ही वचनं तपासताच येत नाहीत. या नोंदीला ट्रेस म्हणतात. बहुतेक ट्रान्सफॉर्मेशन भाषा ती आतल्या आत ठेवतात. तुम्ही ती बाहेर काढून वेगळ्या फाइलमध्ये जपा. पुढं साइटवरून फोन आला की तीच फाइल कामाला येते.

ओसीएलमध्ये दोन ठिकाणी पाय घसरतो. "प्रत्येक" हे रिकाम्या यादीवर नेहमी खरं असतं. एकही फीडर नसलेल्या आकृतीत तुमची सगळी "प्रत्येक" वचनं आनंदानं पास होतात, म्हणून सोबत एखादं "किमान एक तरी" वचन लागतं. दुसरं, नाव भरलेलंच नसेल तर तुलनेचं उत्तर खरं किंवा खोटं न येता "अनिर्णित" येऊ शकतं. त्यामुळे "नाव रिकामं नाही" ही पूर्वअट सगळ्यांच्या आधी टाका.

ही वचनं ट्रान्सफॉर्मेशनपासून वेगळी ठेवायची, त्याच्याच कोडमध्ये मिसळायची नाहीत. गोगोला आणि व्हायेसीयो या दोन संशोधकांनी 2011 च्या सुमारास "ट्रॅक्ट" नावानं हाच विचार नीट बांधला: स्रोताच्या अटी, लक्ष्याच्या अटी, दोघांमधल्या अटी, आणि सोबत तपासणीसाठी मॉडेलांचा संच. जर्मनीतल्या ब्रेमेन विद्यापीठाचं यूएसई हे टूल अशा अटी चालवून दाखवतं आणि शिकायला हलकं आहे. यॉर्क विद्यापीठातून आलेल्या एप्सिलॉन कुटुंबातली ईव्हीएल ही भाषा वापरलीत तर वचन मोडल्यावर माणसाला कळेल असा संदेशही लिहिता येतो. रोजच्या कामाला मी तीच वापरतो.

चौथी पायरी: ट्रान्सफॉर्मेशन लिहा

हा भाग लवकर आटपतो, कारण याची शिकवणी सगळीकडे मिळते. यूएमएलचं प्रमाण ठरवणाऱ्या ओएमजी या संस्थेचं ट्रान्सफॉर्मेशनसाठीचं प्रमाण म्हणजे क्यूव्हीटी, 1.0 आवृत्ती 2008 ची. तिच्या पोटात तीन भाषा आहेत. प्रत्यक्षात नवशिक्याला एटीएल ही ट्रान्सफॉर्मेशनची वेगळी भाषा सोपी जाते. ती फ्रान्समधल्या नांत शहरातून आली. तिच्यात "असा घटक दिसला तर असा घटक तयार कर" असे नियम लिहायचे, कुठला आधी चालेल याची काळजी करायची नाही. स्रोत फक्त वाचता येतो, लक्ष्य फक्त लिहिता येतं. ही बंधनं त्रासदायक वाटतात, पण तपासणी सोपी होते ती त्यांच्यामुळेच. नुसत्या जावात लिहिलेलं ट्रान्सफॉर्मेशन पुढं सिद्ध करायला बसलात तर घाम फुटेल.

एक धोका: कुठल्याच नियमात न बसलेला घटक एटीएल निमूट सोडून देते. फीडरचा नवा प्रकार आला आणि नियम लिहायचा राहिला, तर तो फीडर निकालातून गायब, आणि तक्रार काहीच नाही. "ख" हे वचन त्याच्यासाठीच आहे.

आता रूटीन टेस्ट लावा: आकृती आली की पूर्वअटी तपासा, मोडली तर तिथंच परत पाठवा. ट्रान्सफॉर्मेशन चालवा. निकाल, ट्रेस आणि मूळ आकृती एकत्र घेऊन बाकीची वचनं तपासा. मोडलं तर फाइल बाहेर जाऊ द्यायची नाही. एवढंच केलं असतं तरी माझी "एफ1"ची भानगड साइटवर न होता ऑफिसात झाली असती.

पाचवी पायरी: अलॉयमध्ये टाइप टेस्ट

आता डिझाइनच तपासू. सर्वसाधारण ट्रान्सफॉर्मेशनबद्दल "कुठल्याही आकृतीला बरोबरच चालेल का" हे ठरवणारी, प्रत्येक वेळी उत्तर देणारी यांत्रिक पद्धत असूच शकत नाही. मग तीन वाटा उरतात: मर्यादित आकारापर्यंतच्या सगळ्या शक्यता तपासणं, भाषाच दुबळी करणं, किंवा माणसानं बसून सिद्धता लिहिणं. नवशिक्यानं पहिली धरावी.

एमआयटीत डॅनियल जॅक्सन आणि सहकाऱ्यांनी बनवलेलं अलॉय हे टूल तेच करतं. एकच फाइल उतरवायची, जावा असलं की चालतं. तुम्ही जग कसं आहे ते नात्यांच्या भाषेत लिहिता, एक दावा करता, आणि ते दावा खोटा पाडणारं उदाहरण शोधतं. किती आकारापर्यंत शोधायचं ते तुम्ही सांगता. काहीच न सांगितल्यास प्रत्येक प्रकारच्या जास्तीत जास्त 3 वस्तू.

"फक्त तीनच?" असं वाटतं. गणित करू. 3 पॅनेल, 3 फीडर, 3 नावं. कुठला फीडर कुठल्या पॅनेलात याच्या 9 होय-नाही शक्यता, पॅनेल-नाव जोडीच्या 9, फीडर-नाव जोडीच्या 9. एकूण 27 होय-नाही, म्हणजे 13,42,17,728 रचना. यातल्या बऱ्याच नियमांमुळे बाद होतात आणि सारख्याच दिसणाऱ्या बऱ्याचशा टूल वगळतं, पण हातानं लिहिलेल्या आमच्या वीस टेस्टच्या तुलनेत हे काय आहे ते कळलं असेल. अलॉयवाल्यांचा भरवसा असा, की बहुतेक चुका छोट्या उदाहरणातच दिसतात. आमची चूक दिसायला 2 पॅनेल आणि 2 फीडर पुरले असते.

लिहायचं असं. पॅनेल, फीडर, नाव, टॅग हे चार संच. स्रोताचे नियम "तथ्य" म्हणून. ट्रान्सफॉर्मेशन एका विधानात: राखीव नसलेल्या प्रत्येक फीडरमागे एक टॅग, टॅगचं मूळ तो फीडर, टॅगचं नाव ते फीडरचं नाव. आणि दावा: दोन वेगळ्या टॅगची नावं वेगळी.

मी पहिल्यांदा हे लिहिलं तेव्हा अलॉयनं "प्रतिउदाहरण सापडलं नाही" सांगितलं. चूक तर साइटवर प्रत्यक्ष पाहिलेली! अर्धा दिवस डोकं खाजवल्यावर कळलं. लक्ष्य मेटामॉडेलमध्ये "टॅगची नावं एकमेव" असं लिहिलेलं होतं, आणि मी इमानदारीत ते "तथ्य" म्हणून उतरवलं होतं. म्हणजे टूलला मीच बजावलं होतं, की फक्त नावं एकमेव असलेल्या जगांतच शोध. मग तिथं नावं एकमेव आहेत हे त्यानं मला परत सांगितलं. चोरालाच पंच नेमल्यासारखं झालं.

म्हणून दोन सवयी. लक्ष्याचे नियम कधीही तथ्यात घालायचे नाहीत, ते दाव्यात जातात. आणि दावा तपासण्याआधी नेहमी एक उदाहरण मागायचं: "दोन पॅनेलात सारख्याच नावाचे फीडर असलेलं जग दाखव." ते दाखवता आलं नाही तर तुमचे नियमच एकमेकांना कापतायत, आणि पुढचा कुठलाही "पास" बिनकामाचा. मी आता पाच-सहा उदाहरणं पाहिल्याशिवाय दाव्याकडे जातच नाही. त्यातलं एखादं विचित्र निघतं, जसं फीडरच नसलेलं पॅनेल, आणि पुन्हा दुसऱ्या पायरीचा वाद सुरू होतो.

तथ्य काढल्यावर क्षणात आकृती आली: प1 मध्ये फ1, प2 मध्ये फ2, दोघांचं नाव न. टॅग ट1 आणि ट2, दोघांचंही नाव न. साइटवर जे घडलं तेच, मोजक्या चौकोनांत.

सहावी पायरी: दुरुस्ती, आणि दुरुस्तीतली चूक

उपाय सोपा वाटला. टॅगच्या नावात पॅनेलचंही नाव घ्यायचं: पॅनेल, मग अंडरस्कोअर, मग फीडर. शिवाय दोन पॅनेलांची नावं वेगळी असावीत ही नवी पूर्वअट. अलॉयमध्ये टॅगचं नाव म्हणजे पॅनेलचं नाव आणि फीडरचं नाव यांची जोडी असं लिहिलं. आकार 6 पर्यंत वाढवला. प्रतिउदाहरण नाही. अलॉय तेव्हा सांगतं ते वाक्य मला फार आवडतं: दावा खरा "असू शकेल". जास्त बोलत नाही.

चहा पिताना टीममधल्या एका मुलीनं विचारलं, "दादा, पॅनेलचं नाव 'पंप_एक' असेल आणि फीडरचं 'मेन', आणि दुसऱ्या पॅनेलचं नाव नुसतं 'पंप' आणि त्यात फीडर 'एक_मेन' असेल तर?" दोन्हींचा टॅग "पंप_एक_मेन". पुन्हा टक्कर!

टूल चुकलं का? नाही. टूलला मी जोडी दिली होती, आणि जोड्या वेगळ्या असतील तर त्या वेगळ्याच. खऱ्या कोडमध्ये मात्र जोडी नव्हती, दोन नावं चिकटवून केलेली एक अक्षरमाला होती. चिकटवलं की कुठं जोडलं ते पुसलं जातं. तपासलं ते ट्रान्सफॉर्मेशनचं मॉडेल होतं, ट्रान्सफॉर्मेशन नव्हे. म्हणून टाइप टेस्ट पास झाली तरी रूटीन टेस्ट बंद करायची नाही. कारखान्यातही करत नाहीत.

उपाय तीन होते. नावात अंडरस्कोअर चालणार नाही अशी पूर्वअट, जोडण्यासाठी नावात कधीच न येणारं चिन्ह, किंवा नावांऐवजी क्रमांक. आम्ही पहिला घेतला, कारण पूर्वअट मोडली तर आकृती काढणाऱ्याला लगेच कळतं. तुमच्याकडे टॅगचं नाव ठरावीक अक्षरांनंतर कापणारी जुनी सिस्टिम असेल, तर कापल्यानंतरच्या नावांवरही "घ" तपासा. तीच टक्कर तिथं तिसऱ्यांदा होते.

अलॉयच्या मॉडेलमध्ये तुम्ही जे गृहीत धरता, जसं "जोडी म्हणजे नाव", त्याची एक यादी मॉडेलच्या माथ्यावर साध्या मराठीत लिहून ठेवा. आमच्या यादीत आज सात ओळी आहेत. प्रत्येक ओळीसमोर ती कुठं तपासली जाते हेही लिहिलंय.

याच्याही पुढं कधी जायचं

उरलेल्या दोन वाटांबद्दल थोडक्यात. भाषा दुबळी करण्याच्या वाटेवर डीएसएलट्रान्स ही ट्रान्सफॉर्मेशनची भाषा आहे. तिच्यात नियम थरांमध्ये लावतात, निकालात फक्त भर पडते आणि लूप नाहीच. त्यामुळे ट्रान्सफॉर्मेशन संपणार का आणि प्रत्येक वेळी एकच उत्तर येणार का, हे प्रश्न जन्मालाच येत नाहीत. ग्राफच्या नियमांवर चालणाऱ्या एजीजी, हेनशिन यांसारख्या टूलमध्ये हे प्रश्न उरतात, पण दोन नियम एकमेकांच्या पायात पाय घालतात का हे टूलच शोधून देतं.

सिद्धतेच्या वाटेवर इझाबेल आणि रॉक ही माणसाला सिद्धता लिहायला आणि तपासायला मदत करणारी टूल आहेत. रॉकचं 2025 पर्यंतचं नाव कॉक. त्याच्या आतच ट्रान्सफॉर्मेशन लिहून त्याबद्दल प्रमेयं सिद्ध करण्यासाठी कॉकटीएल आहे. हे काम मोठं आहे आणि बहुतेकांना लागत नाही. जिथं लागतं तिथं लोक करतातही: पॅरिसच्या मेट्रोची 14 नंबरची लाइन 1998 मध्ये चालकाविना सुरू झाली, तेव्हा तिच्या सुरक्षेचं सॉफ्टवेअर बी मेथड या फॉर्मल पद्धतीनं, सिद्धता देत देत, वरच्या मॉडेलपासून कोडपर्यंत उतरवलेलं होतं. तुमच्या ट्रान्सफॉर्मेशनच्या चुकीनं स्क्रीनवर चुकीचं नाव दिसणार असेल तर अलॉयवर थांबा. ब्रेक लागणार नसेल तर सिद्धतेचा खर्च काढा.

आणि उलट दिशेनं यायचं असेल तर

कधी ना कधी कुणी तरी म्हणतंच, "टॅगच्या यादीत नाव बदललं तर आकृतीतही बदलू दे की." हे वाक्य बोलायला सोपं आहे. गायकवाडी दप्तरातला मोडीतला कागद ज्यांनी वाचलाय त्यांना अडचण लगेच समजेल. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ इकार-उकारांचा भेद ठेवत नाहीत. देवनागरीतून मोडीत जाताना "दिन" आणि "दीन" एकच होतात. परत येताना दिवस म्हणायचं की गरीब, हे मोडीचा कागद एकटा सांगू शकत नाही. शेजारी मूळ देवनागरी प्रत असेल तरच ठरवता येतं. म्हणून उलट येणाऱ्या ट्रान्सफॉर्मेशनला बदललेलं लक्ष्य आणि जुना स्रोत दोन्ही द्यावे लागतात. आपल्या टॅगमध्ये ब्रेकरचं रेटिंग नाही. ते जुन्या आकृतीतूनच घ्यावं लागेल.

इथं दोन वचनं जास्तीची लागतात. पहिलं, दोन्ही बाजू आधीच जुळत असतील तर परतीच्या ट्रान्सफॉर्मेशननं कशालाही हात लावायचा नाही. पर्डिटा स्टीव्हन्स या संशोधिकेनं याला हिपोक्रॅटिस या प्राचीन ग्रीक वैद्यावरून नाव दिलं, कारण वैद्याचं पहिलं तत्त्वच अपाय न करण्याचं. दुसरं, परत आल्यावर पुन्हा पुढं गेलात तर बदललेलंच लक्ष्य हाती यावं. पहिलं मोडलं की काय होतं ते मी पाहिलंय: कुणी काही न बदलता नुसतं "सेव्ह" दाबलं, आणि आकृतीतले सगळे फीडर वर्णानुक्रमे लागले. पॅनेलात ज्या क्रमानं ते बसवलेत तो क्रम गेला.

दोन्ही दिशा एकाच नियमांतून हव्या असतील तर ट्रिपल ग्राफ ग्रामर बघा. आंडी श्युर यांनी ती कल्पना 1994 मध्ये मांडली: स्रोत, लक्ष्य आणि मधली जोडणी, तिन्ही एकत्र वाढवणारे नियम. तिथला मधला ग्राफ म्हणजे आपण तिसऱ्या पायरीत जपायला सांगितलेला ट्रेसच. क्यूव्हीटीची रिलेशन्स भाषाही दोन दिशांचं आश्वासन देते, पण तिच्या अर्थात काही जागा संदिग्ध असल्याचं स्टीव्हन्स यांनीच दाखवलंय, त्यामुळे तिच्यापासून सुरुवात करू नका.

आम्ही शेवटी दुसरी दिशा केलीच नाही. टॅगच्या यादीच्या माथ्यावर ओळ छापतो: "ही यादी आकृतीवरून तयार झाली आहे. बदल आकृतीत करा." काकांना ती दाखवली तेव्हा त्यांनी चष्मा वर सरकवून एकच विचारलं, "आणि टेस्ट सर्टिफिकेट?" आता यादीच्या खाली क, ख, ग, घ यांचे निकालही छापले जातात, तारखेसकट.